ओठांवरचा खो

मित्रांनो, मी सागाचा एक जुना खांब आहे. पूर्वी खो-खोच्या मैदानावर उभा असायचो, आता सुरतेत, लिंबायतमधल्या एका सरकारी मराठी हायस्कूलच्या पाण्याच्या टाकीमागे आडवा पडलो आहे. माझा वरचा भाग मुलींच्या हातांनी झिजून गुळगुळीत झाला आहे. खालचा भाग डांबरानं काळा आहे. तो जमिनीत असायचा, त्यामुळे इतकी वर्षं कुणी पाहिला नव्हता. आता येता-जाता कुणालाही दिसतो. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला बरं वाटेल असं नाही. तरी ऐका.

मी डांगच्या जंगलातला. मला आकार दिला मगन मिस्त्रीनं. उधन्याच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. सुरतेत कापड विणणारे लूम घरोघरी, गल्लोगल्ली आहेत, आणि मगन त्या लूमचं लाकूडकाम करायचा. धोटे, दांडे, पट्ट्या, सगळं त्याच्या हातून जायचं. एके दिवशी एक तरुण मास्तर त्याच्याकडे आले आणि जमिनीवर खडूनं चित्र काढून म्हणाले, असे दोन हवेत. वरचं टोक गोल, कुठं कंगोरा नको.

मगननं चित्राकडे बराच वेळ पाहिलं. "साहेब, लूममां आ दांडो क्यां लागे?"

"लूमला नाही मगनभाई. पोरींना लागतो."

"मारवा माटे?"

"नाही हो, मारायला कशाला. पोरी पळतात, याला धरून वळतात."

मगन हसला. पण त्यानं मला असं घासलं की लहान मुलीचा तळवा माझ्यावरून सरकला तरी कुसळ लागू नये. ते मास्तर म्हणजे वाल्मिक बोरसे. खानदेशातले. शाळेत नव्यानं लागलेले व्यायामशिक्षक. मैदानाच्या दोन टोकांना त्यांनी आम्हा दोन खांबांना स्वतः खड्डे खणून उभं केलं, आणि दर वर्षी सामन्यांचे दिवस आले की ते आम्हाला जवसाचं तेल चोळायचे. मुली म्हणायच्या, सर आपल्यापेक्षा खांबांची जास्त काळजी घेतात. सर म्हणायचे, खांब उलट उत्तर देत नाहीत.

आमच्या मैदानाला एका बाजूनं भिंत होती आणि भिंतीपलीकडे लूमचे कारखाने. सकाळपासून खटखट चालायची. नवीन माणसाला त्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही. वस्तीतल्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. जवळजवळ सगळे खानदेशातून आलेले, आणि घरटी एक तरी माणूस लूमवर. हे लोक कारखान्यात आवाज काढून बोलत नाहीत, कारण काढून उपयोग नसतो. ते तोंड मोठं उघडतात आणि शब्द ओठांवर नीट मांडतात. समोरचा तो वाचतो. चहा आला, धागा तुटला, शेठ येतोय, हे सगळं ओठांवर चालतं. घरी आले तरी ती सवय सुटत नाही. त्यामुळे इथं कुणाला कमी ऐकू यायला लागलं तर वर्षानुवर्षं कळत नाही. त्याला स्वतःलाही.

या लोकांची आणखी एक रीत आहे. लूमवर उभ्या माणसाला पाठीमागून हात लावायचा नाही. दचकला तर त्याचा हात यंत्रात जाईल. त्याच्यासमोर जायचं, डोळ्यांपुढे हात हलवायचा, मग बोलायचं. बापाचा डबा घेऊन जाणाऱ्या मुलीला ही गोष्ट चालायला लागल्यापासून शिकवलेली असते.

आता खो-खो कसा खेळतात ते तुम्हाला माहीत आहेच. पाठलाग करणारी मुलगी धावत येते, बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात मारते आणि मोठ्यानं 'खो' म्हणते. मग बसलेली उठून धावते. पाठीवर हात लावल्याशिवाय हा खेळ होतच नाही. पहिल्या वर्षी सरांच्या मुली धावत यायच्या आणि त्यांचा हात हवेतच थांबायचा.

"लाव की हात," सर म्हणायचे.

"सर, बाप ओरडतो."

"बाप इथं आहे का?"

"नाही. पण मागून हात लावायचा नसतो."

शेवटी सर स्वतः माझ्याजवळच्या चौकात गुडघे मोडून बसले. म्हणाले, मी लूम चालवत नाहीये, माझा हात कुठं जाणार नाही, मारा. एकेक मुलगी आली आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारून गेली. चार-पाच जणी होईपर्यंत त्यांची भीड चेपली. शेवटच्या दोघी-तिघी जरा जास्तच जोरात मारून गेल्या. सर पाठ चोळत उठले आणि म्हणाले, झालं, आता तुम्ही खो-खो खेळणार.

मित्रांनो, त्या मुली खेळल्या. लिंबायतच्या पोरी म्हणून जिल्ह्यात त्यांचं नाव झालं. जिल्ह्याचे सामने आमच्याच मैदानावर व्हायचे, कारण सरांसारखी चुन्याची सरळ फक्की कुणी मारायचं नाही आणि त्यांच्यासारखी माती कुणी भिजवायचं नाही. चषकांसाठी मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाट करावं लागलं. थोरल्या बहिणी शाळा सोडून गेल्या की धाकट्या येत. थोरल्यांनी धाकट्यांना शिकवावं, ही सरांची पद्धत होती. ते म्हणत, मास्तर बदलतो, शाळेचा खेळ बदलता कामा नये.

सरांनी शिकत असताना काही वर्षं लूम चालवले होते. त्यांचे कान तिथंच गेले होते, हळूहळू. ओठ इतके सराईतपणे वाचायचे की शाळेत कुणाला संशय आला नाही. घरी मात्र माहीत होतं. व्यायामशिक्षकाला शिट्टी ऐकू येत नाही हे वर कळलं तर त्याला मैदानावर ठेवतील का, अशी भीती घरात होती. त्यामुळे घरचे त्याबद्दल बाहेर बोलत नसत. मुलींनाही ते ठाऊक झालं होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे बाप, काका तसेच होते, म्हणून त्यांना ओळखू आलं.

मुलींनी एक गोष्ट केली. ती त्यांनी ठरवून केली नाही. सर मैदानाच्या कडेला उभे राहून प्रत्येक खो तपासायचे. ते मुलीच्या तोंडाकडे पाहायचे. तोंड गोल उघडलं, हात पाठीवर पडला, की मान हलवायचे. तोंड नीट उघडलं नाही तर ओरडायचे, "खो कुठंय? दिसला नाही मला." ते 'दिसला नाही' म्हणायचे, हे कुणाच्या कानांना खटकलं नाही. मुली तोंड अधिकाधिक मोठं, अधिकाधिक गोल उघडायला लागल्या. धापा टाकताना आवाज काढायला श्वास लागतो. ओठांना लागत नाही. वर्षं जात राहिली आणि खोमधला आवाज कमी होत गेला. थोरल्यांपेक्षा धाकट्यांचा कमी, त्यांच्यापेक्षा पुढच्यांचा आणखी कमी. शेवटी फक्त ओठांचा खो उरला. भिंतीपलीकडचे लूम चालूच असत. आमच्या मैदानावर आलेल्या पंचांनाही त्यामुळे काही ऐकू येत नसे. तेही तोंडाकडे बघूनच खो मानायचे.

बाहेरगावी राज्याच्या सामन्यांना गेल्या की आमच्या मुलींना फाऊलवर फाऊल मिळायचे. पहिल्या-दुसऱ्या फेरीतच परत यायच्या. सर मान हलवून म्हणायचे, "आपण मराठी. बाहेर गेलं की आपल्याला असंच करतात." मुलींनाही ते पटायचं. सगळ्या वस्तीला पटायचं. एवढ्या चांगल्या खेळणाऱ्या मुली हरतात, म्हणजे दुसरं कारण काय असणार.

मी उभा खांब. मला सगळं दिसत होतं. पण खांब काय सांगणार.

एका वर्षी संघात चंचल नावाची मुलगी होती. पंडित रिक्षावाल्याची. तिची आई भागीरथी घरी बसून साड्यांचे सुटलेले धागे कापायची. चंचल धावताना वळायची ती माझ्यावर जेमतेम दोन बोटं टेकवून. बाकीच्या मुली मला धरायच्या, ती नुसती शिवून जायची. दहावीनंतर तिला शाळेतून काढायचं आणि लग्नाचं बघायचं, असं पंडितनं ठरवलं होतं. सरांनी भागीरथीला मैदानावर बोलावून सांगितलं होतं, सरकारी क्रीडा वसतिगृहात दर वर्षी एका मुलीची शिफारस मी करतो, या वर्षी हिची करणार. तिथं राहणं, खाणं, शिकणं सगळं होतं. भागीरथीनं घरी जाऊन नवऱ्याला काय सांगितलं मला माहीत नाही. पण लग्नाचं बोलणं थांबलं. त्या वर्षी चंचल जे काही धावली, ते त्या वसतिगृहाकडे धावली.

संघाची कप्तान होती सुषमा. सरांची मुलगी. घरी ती त्यांना आबा म्हणायची, मैदानावर सर. चुकली तर तिला दुसऱ्यांपेक्षा जास्त बोलणी बसायची, आणि ती सगळं खाली मान घालून ऐकायची.

जिल्ह्याचा अंतिम सामना आमच्या मैदानावर होता. त्या दिवशी सुताचे भाव वाढले म्हणून लूमवाल्यांनी बंद पाळला होता. भिंतीपलीकडे एकही लूम चालू नव्हता. सकाळी मला वाटलं, काहीतरी बिघडलं आहे. इतकी शांतता मी उभा राहिल्यापासून कधी ऐकली नव्हती. कामाला सुट्टी म्हणून बापमंडळी प्रथमच सामना बघायला आली होती. पंच कामरेजच्या एक बाई होत्या, नव्या.

सुषमा एका धावणाऱ्या मुलीच्या मागं होती. ती माझ्या बाजूला आली, चंचलच्या पाठीवर हात मारला, तोंड गोल उघडलं. चंचल उठली आणि दोन पावलांत तिनं त्या मुलीला बाद केलं. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात शिट्टी झाली. बाई आत आल्या आणि त्यांनी हात आडवा केला. फाऊल. बाद केलेली मुलगी बाद नाही.

"खो संभळायो नहीं," त्या सुषमाला म्हणाल्या. खो ऐकू आला नाही. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच ऐकू आला नव्हता.

सुषमा जागच्या जागी उभी राहिली. बाकीच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटतं, त्या एका क्षणात सगळ्यांना सगळं कळलं. राज्याचे सामने, ते फाऊल, सगळं.

सरांना शिट्टी ऐकू आली नव्हती. त्यांनी बाईंचा आडवा हात पाहिला आणि ते लांब ढांगा टाकत आत आले. बाईंचे ओठ गुजराती बोलत होते, भरभर, अर्धवट मिटलेले. सरांना ते वाचता येईनात.

"काय व्हयनं?" त्यांनी सुषमाला विचारलं. गडबडले की ते अहिराणीवर यायचे.

सुषमा त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले नाहीत. सगळी वस्ती कडेला उभी होती. मुख्याध्यापक खुर्चीवर होते. सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं ते तुम्ही समजू शकता. सर, आमचा खो कुणालाच ऐकू येत नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही.

"सुषमा, काय झालं?"

मग चंचल मधे आली. सरांच्या समोर, त्यांना नीट दिसेल अशी उभी राहिली आणि ओठांवर म्हणाली, "सर, मी आधीच उठले. खो मिळायच्या आधी."

मित्रांनो, खो मिळण्याआधी उठणं म्हणजे सरांच्या लेखी लबाडी होती. दम कमी पडला तर ते समजून घेत, हुलकावणीला फसली तरी काही बोलत नसत. आधी उठलेल्या मुलीला मात्र ते माफ करत नसत. त्यांचा चेहरा उतरला. ते चंचलला म्हणाले, "खांबाला बस." ही त्यांची शिक्षा होती. चंचल येऊन मला टेकून बसली. तिच्या पाठीचा घाम माझ्या लाकडात मुरला.

पुढचा सामना मी तुम्हाला सविस्तर सांगत नाही. मुलींना आता ओरडून खो द्यायचा होता आणि ते त्यांना जमेना. ओरडायला जावं तर श्वास अडायचा, हात पडायचा एकीकडे आणि आवाज यायचा नंतर. बाईंनी पुन्हा पुन्हा हात आडवा केला. आमची शाळा आमच्याच मैदानावर हरली. बापमंडळी उठून गेली. एक जण जाताना म्हणाला, "घरी बोंबलतात, इथं तोंड उघडत नाहीत." दुसरा हसला.

चंचलला वाटलं होतं, एक सामना बसावं लागेल. वसतिगृहाचा विचार तिच्या मनात आला नसावा. सरांनी त्या वर्षी कुणाचीच शिफारस केली नाही. भागीरथी मैदानावर आली तेव्हा ते फक्की मारत होते.

"सर, मनी पोरनं काय चुकनं?"

"तिलाच विचारा."

"ती ते काही बोलस नई."

चंचल आईच्या मागं उभी होती. सुषमा माझ्या पलीकडे दोरी गुंडाळत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुषमानं दोरीचा गुंता सोडवला, पुन्हा गुंडाळली. भागीरथी म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या," आणि मुलीचा हात धरून गेली. परीक्षेनंतर चंचलचं लग्न झालं. सासर चलथाणला, साखर कारखान्याजवळ. लिंबायतपासून लांब नाही. तरी पुष्कळ वर्षं तिचं नाव मैदानावर कुणी काढलं नाही.

सर शिकवत राहिले. त्यांच्या समजुतीत काही बदल झाला नव्हता. त्यांच्या एका मुलीनं लबाडी केली होती, तिला शिक्षा झाली होती, संपलं. मुलींना आवाजाचा खो पुन्हा जमला नाही, आणि जो जमत होता तोच त्यांनी धाकट्यांना शिकवला. जिल्ह्याचे सामने नंतर दुसरीकडे हलले आणि लिंबायतचं नाव मागं पडलं. मराठी वर्गांतली मुलं कमी होत गेली. आईबाप स्वतःच मराठी सोडून मुलांना गुजराती नाही तर इंग्रजी शाळेत घालायला लागले. त्यात त्यांचं काय चुकलं, हे मला सांगता येणार नाही. सरांच्या निवृत्तीच्या वर्षी संघ भरेल इतक्या मुली जेमतेम होत्या.

निवृत्तीच्या आधी सुषमानं त्यांना कानाचं मशीन आणलं. ती आता नोकरीला होती. तुमची नोकरी संपत आली, आता कुणाला कळलं तरी काय, असं म्हणून तिनं ते त्यांना लावायला लावलं. मशीन लावून ते संध्याकाळी तिच्याबरोबर मैदानावर आले. भिंतीपलीकडे लूम चालू होते. सर भिंतीजवळ जाऊन थांबले, हसले. मग माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि मुलींना म्हणाले, खेळा.

मुली खेळू लागल्या. थोड्या वेळानं सरांनी कानाला हात लावला, मशीन काढून हलवलं, परत लावलं.

"सेल गेला बहुतेक," ते म्हणाले.

"नवा आहे आबा."

"लूम ऐकू येतात. पाय वाजतात ते येतात. ती पोरगी धापा टाकतेय, तेसुद्धा येतं." त्यांनी मशीन कानात आणखी दाबलं. "खो येत नाही."

सरांनी शीतल नावाच्या मुलीला हाक मारली. आठवीतली, चुणचुणीत.

"शीतल, आत्ता खो दिलास?"

"दिला ना सर."

"कसा दिलास, दाखव."

शीतलनं तोंड गोल उघडलं आणि मिटलं.

"आवाज?"

शीतलला प्रश्न कळेना. ती म्हणाली, "सर, आपल्या शाळेचा खो असाच असतो. ताईंनी असाच शिकवला. त्यांना त्यांच्या ताईंनी."

सरांनी मान हलवली. शीतल खेळायला पळाली. सर खाली बसले. चंचल बसली होती त्याच जागी, मला टेकून. बराच वेळ ते मुलींची तोंडं बघत होते. मग सुषमाकडे न बघता त्यांनी विचारलं, "चंचल आधी उठली होती?"

"नाही आबा."

एवढंच. त्यांनी पुढं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात सर चलथाणला जाऊन आले. परत आल्यावर माझ्याजवळ उभे राहून त्यांनी शाळेच्या शिपायाला, राघोला ते सांगितलं. त्यांना आपला आवाज किती मोठा येतो याचा अंदाज नव्हता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मी म्हटलं, पोरी, माझी चूक झाली."

"मग काय म्हणाली?" राघोनं विचारलं.

"म्हणाली, सर, चहा घ्या."

"मग?"

"मग घेतला चहा. तिनं तिच्या पोरीला बोलावलं, म्हणाली, हे माझे सर, पाया पड. पोरगी पाया पडली." सरांनी माझ्या टोकावर हात ठेवला. "पळण्याचे पाय आहेत राघो त्या पोरीला. शाळेत घातली नाही अजून."

त्या दिवसानंतर त्यांनी मशीन लावलं नाही. सुषमानं पुष्कळ सांगून पाहिलं. ते म्हणायचे, आता काय ऐकायचं राहिलंय.

सर या वर्षी गेले. शेवटचे दिवस इस्पितळात, काचेच्या खोलीत होते. आत जाणाऱ्याला तोंडावर मास्क लावावा लागायचा. सुषमा राघोला हे सांगत होती तेव्हा मी टाकीमागे होतो. ती म्हणाली, मी रोज आत जायचे, रोज बोलायचे. आबा माझ्या तोंडाकडे बघायचे. तिथं कापड होतं. एकदा मी मास्क खाली केला तर नर्स धावत आली. तिचंही बरोबर होतं. राघोनं टाकीचा नळ उघडला, घट्ट बंद केला.

मला टाकीमागे कसं आणलं ते सांगायचं राहिलं. मराठीचे वरचे वर्ग बंद झाले. मैदानावर सिमेंटचे ठोकळे बसवले. पाणी साचू नये आणि गाड्या लावता याव्यात म्हणून. ठोकळे बसवणाऱ्यांनी आम्हा दोघा खांबांना पहारीनं उपटलं. माझ्या जोडीदाराला एक जण टपरीच्या छपराला टेकू म्हणून घेऊन गेला. त्याचं नशीब बरं, तो अजून उभा तरी आहे. चषकांचं कपाट दुसऱ्या शाळेत गेलं म्हणतात. शीतल आणि तिच्या मैत्रिणी पांगल्या. खो-खोचा संघ आता या शाळेत नाही. होईल असं मला वाटत नाही.

सर गेल्यावर काही दिवसांनी सुषमा त्यांचं सामान परत करायला शाळेत आली होती. दोऱ्या, चुन्याचा डबा, असंच काहीबाही. राघो किल्ली आणायला गेला होता. तेवढ्यात चंचल आली. मी तिला ओळखलं नाही. जड झालेली, हातात पिशवी. तिनं मला ओळखलं. माझ्याजवळ उकिडवी बसली आणि डांबराच्या काळ्या भागावर हात ठेवला.

"उशिरा कळलं," ती सुषमाला म्हणाली.

"हो. मलाच सांगायला सुचलं नाही."

"काही बोलले का शेवटी?"

"नाही."

एक मोटारसायकल ठोकळ्यांवर येऊन लागली. माणूस उतरला आणि आत गेला. मग सुषमानं विचारलं. इतक्या वर्षांत तिनं ते विचारलं नव्हतं. शाळेतली मराठी सोडून ती घरच्या बोलीत बोलली.

"तू तव्हय का बरं बोलनी?"

चंचलनं माझ्यावरचा हात काढला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुषमाला सोपं गेलं असतं.

"तू बोलनी नई म्हनीसन." तू बोलली नाहीस म्हणून.

सुषमानं मान हलवली. राघो किल्ली घेऊन आला. सामान आत गेलं. चंचल बस पकडायला गेली. जाताना दोघींनी एकमेकींना पुन्हा भेटू असं म्हटलं नाही.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला रंग द्या, मला सावलीत ठेवा, असं मी मागत नाही. मला जळणात घातलं तरी त्यात फारसं काही बिघडणार नाही. मला दुसरं सांगायचं आहे.

तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल. कुणाला कमी दिसत असेल, कुणाचा हात थरथरत असेल. तुम्ही मायेनं सांभाळून घेत असाल. त्याला वाईट वाटू नये म्हणून जे आहे ते नाही असं दाखवत असाल. आमच्या मुलींनी तेच केलं, आणि त्यांची माया खरी होती. पण अशा माणसाला सांगायचं ते सांगून टाका. मोठ्यानं सांगा, समोर उभं राहून सांगा, चार माणसांत सांगावं लागलं तरी सांगा. तो दुखावेल. दोन दिवस जेवणार नाही. पण दुखावलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठून मैदानावर येऊ शकतो, आपली चूक सुधारू शकतो, एखाद्या मुलीचं नाव वेळेवर पुढं पाठवू शकतो. त्याला तेवढी जागा ठेवा.

सरांना ती कुणी ठेवली नाही.